ताकातल्या सहा ओळी

साक्री, १४ ऑगस्ट १९९३

चि. मंजुळास, भाऊ-वहिनीचे पोटभर आशीर्वाद. जळगावात मेहरूणच्या खोलीवर वेळेवर जेवतेस ना?

पत्रास कारण, तुझ्या प्रयोगशाळेतल्या जिवाणूंनी हात टेकले. तू दिलेल्या कागदात लिहिल्याबरहुकूम त्यांचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवले, भुईमुगाच्या बियाण्याला चोळले, सावलीत सुकवून पेरले. आता पीक हळदीसारखे पिवळे पडले आहे. मुळे उपटून पाहिली, तर एक गाठ नाही. आपली डोंगराकडची आंबट माती त्यांना काही पचली नाही.

त्यात तुझ्या वहिनीचा पराक्रम ऐक. शेवटच्या सहा ओळींना गूळ पुरला नाही, तर या बाईने पाकीट चक्क आंबट ताकात कालवले! दोन महिने तोंडातून ब्र नाही. तेवढ्याच ओळी हिरव्यागार आल्या म्हणून मी खोदून विचारले, तेव्हा काल कबूल झाली. तू बजावले होतेस की कृतीत काडीचा फरक पडला तर प्रयोग बाद. म्हणून तुझे साहेब पाहणीला यायच्या आत त्या ओळी उपटून बैलांपुढे टाकायला तिला सांगितले. तू निर्धास्त राहा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ, धनसिंग

जळगाव, १८ ऑगस्ट १९९३

ती. भाऊंस मंजुळाचा शि. सा. नमस्कार.

अहो भाऊ, काय करून बसलात हे! एवढा आज्ञाधारकपणा शाळेत असताना कुठे ठेवला होतात?

हे जिवाणू मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र देतात, पण आंबट मातीत मरतात. त्यात तग धरणारे मी तीन वर्षं शोधतेय. माझा अंदाज असा की ताकाच्या बेताच्या आंबटपणात ते आधी सरावले, मग मातीचा आंबटपणा त्यांनी सोसला. थंड पाण्याने अंग भिजवून नदीत उतरावं, तसं. खरं-खोटं त्या मुळांवरच्या गाठी तपासूनच कळेल.

साहेब २७ तारखेला येताहेत. दाखवायला काही नसेल तर हे काम बंद आणि माझी नोकरीही गेली. भाऊ, पाया पडते, एखादं तरी रोप उरलंय का बघा! वहिनींना रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर, तो कागद मीच लिहिला होता.

राग विसरून जीव लावा.
तुमची मंजुळा

साक्री, २२ ऑगस्ट १९९३

चि. मंजुळास आशीर्वाद.

तुझे पत्र हातात घेऊन तसाच शेतात पळालो. पाहतो तर काय, सहाच्या सहा ओळी उभ्या! ‘बठ्ठं उपटलं’, एकही रोप ठेवले नाही, असे तुझ्या वहिनीने, बेबाबाईने, मला तोंडावर सांगितले होते. वीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी पहिल्यांदा खोटे बोलली, आणि मी खुळ्यासारखा बांधावर बसून रडलो.

विचारले तर म्हणाली, की फुलावर आलेल्या हिरव्या पिकाला हात लावायचे पाप तिच्याने झाले नाही. बैलांना तिने बांधावरचे गवत टाकले होते.

दोन रोपे मुळांच्या मातीसकट ओल्या फडक्यात बांधून या पत्रासोबतच उद्याच्या एसटीने पाठवतो. बाकीची साहेबांना इथेच दाखवू.

तुझी वहिनी समोर बसून निरोप सांगते आहे, तो जसाच्या तसा लिहितो. पाच ओळींना ताक तीन दिवसांचे, चांगले आंबट होते. पहिल्या ओळीला मात्र तिने ताजे घेतले होते. ती ओळ थोडी फिकी आहे, हे तुझ्या वहीत लिहून घे, म्हणते.

आमच्यावरचा लोभ वाढता ठेव.
धनसिंग