सत्तावन्न नंबरचा शिक्का आणि अकरा पंख

मी, ओर्फा डर्कसन, विधवा, वय त्रेपन्न, राहणार विचिटा, कॅन्सस, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. पोटातलं दुखणं बरं होणारं नाही. डोकं मात्र ठणठणीत आहे.

१. घर माझा एकुलता एक मुलगा एल्डन याला. वकिलाच्या छापील नमुन्यात पुढे ‘मुलगा आधी वारल्यास’ अशी रिकामी जागा आहे. ती मी भरणार नाही. वकिलाने खुशाल डोळे वटारावेत.

२. बँकेतली शिल्लकही त्यालाच.

३. माझा टॉर्च, भिंग आणि लांब दांड्याचा आरसा कारखान्यातल्या तपासनीस मुलींना. युद्धात मी तिथे विमानांचे पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायला लागले आणि पुढे बाँबफेकी जेट विमानांच्या पंखांची तपासनीस झाले. आरसा स्वच्छ ठेवावा.

४. थोरला भाऊ कॉर्नेलियस उनरू याला आईचं जर्मन बायबल. आमच्या मेनोनाइट मंडळीत शस्त्राला हात लावत नाहीत. “बाँबवाली माझ्या टेबलाशी बसणार नाही,” असं म्हणून त्याने सोळा वर्षं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. नाताळात पाठवलेले माझे पाव कोंबड्यांना घातले. राग गेलेला नाही, पण बायबलवर हक्क त्याचाच.

५. प्रत्येक तपासनिसाचा स्वतःच्या नंबरचा शिक्का असतो. तो दुसऱ्याला दिला तर नोकरी जाते. माझा नंबर सत्तावन्न. १९५३ साली आईच्या दफनाला गेले तेव्हा काम अडू नये म्हणून मी तो फोरमन टीगला दिला. परत आले तर अकरा विमानांच्या पंखांवर माझा शिक्का उठलेला.

“तपासलेत ना?” मी विचारलं.

“अगं, बोल्टांची भोकंच ती! भोकात काय बघायचं असतं?” टीग हसला.

एक पंख मी आरसा घालून पाहिला. पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टाच्या भोकात केसाएवढा ओरखडा होता. मी गप्प बसले. नोकरी गेली असती, आणि एल्डनचं शिक्षण चालू होतं. ही विमानं उंचावरच्या शांत हवेतून जायची, तेव्हा ओरखडा तसाच राहील, अशी मी मनाची समजूत घातली.

आता हुकूम बदलला आहे. तीच विमानं जमिनीलगत पळवायची आणि एकदम वर खेचायची. गेल्या महिन्यात अशा दोन विमानांचे पंख हवेतच सुटले. एल्डन आता हवाई दलात वैमानिक आहे. काल त्याचं पत्र आलं: “आई, तुझ्या हातचं विमान मिळालं!” खाली शेपटीवरचा नंबर. तो त्या अकरांतला आहे.

अकरा नंबरांचा लिफाफा माझ्या मृत्यूनंतर हवाई दलाला द्यावा.

६. माझ्या दुखण्याचं कळल्यावर साक्षीला आलेल्या कॉर्नेलियसने वरचं कलम वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“मृत्यूनंतर? कोणाच्या?”

“कॉर्नी, जिवंतपणी लोक माझ्या तोंडावर थुंकतील.”

“थुंकू देत की! मी सोळा वर्षं थुंकलोच ना? मेलीस का? ऊठ, फोन लाव.”

म्हणून पाचव्या कलमातलं शेवटचं वाक्य मी रद्द करते. माझ्या नावासकट अकराही नंबर मी आत्ताच हवाई तळावर कळवले आहेत. दहा विमानं जमिनीवर आहेत, ती थांबवली. एल्डनचं दुपारीच उडालं. “बाई, जमिनीलगतच्या सरावात त्यांचा रेडिओ बंद असतो,” असं तिथला माणूस म्हणाला. “चारला उतरतील.”

लाज वाटून मी पाच वर्षं गप्प राहिले. हा गुन्हा माझा आहे, टीगचा नव्हे.

आत्ता तीन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. सही आत्ताच करते. चारनंतर हा हात सही करण्याजोगा राहील, याची खात्री देत नाही.

ओर्फा डर्कसन

साक्षीदार: कॉर्नेलियस उनरू, भाऊ
वेल्मा स्टाउट, शेजारीण

विचिटा, ११ एप्रिल १९५८