गिरेबाज परत आला

मानवत, मंगळवार, दिवेलागण

दुपारपासून चित्त थाऱ्यावर नाही. गच्चीवर वाळवण उचलायला गेले, तर कबुतरांच्या रिकाम्या ढाबळीवर आप्पांचा गिरेबाज नर बसलेला. मागच्या महिन्यात सगळी कबुतरं परभणीच्या सलीमभाईंना देऊन टाकली होती. पिसांची भुकटी आप्पांच्या छातीत बसली आहे, आता कबुतराला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सलीमभाईंना फोन केला. म्हणाले, "ताई, मादीनं अंडी घातली म्हणून मी पंखाचा दोरा सोडला. अंड्यावरचा नर कुठं जातो का?"

बरोबर आहे. नवा पक्षी अंडी होईपर्यंतच बांधतात. पण हा वाण आप्पांचा. आजोबांनी हैदराबादहून आणलेल्या जोडीपासून, घर न विसरणारे तेवढेच निवडून आप्पांनी जन्मभर जोड्या लावल्या. मग चूक कुणाची म्हणायची?

नराला धरून खोक्यात घातलं. हात धुतले. परत धुतले. भुकटी नखात राहिली असली तर? आणि आप्पांना सांगावं की नको?

खाली आले, तर बाजेवरून आप्पाच म्हणाले, "गिरेबाज उतरला न्हवं? पंख वाजले."

"हो, आप्पा."

"तिकडं अंडी असतील. दिवसा नरानं बसायचं असतंय. लवकर माघारी धाड त्याला."

मग म्हणाले, "हात दे बरं तुझे इकडं."

मी दिले. त्यांनी ते नाकाशी नेले, बराच वेळ धरून ठेवले.

"नुसता साबणाचाच वास यायलाय," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडले.