थेट विमानातून उतरल्यावर

प्रिय ओंकार,

हाताने लिहितेय, कारण फोनवर तुझ्याशी काही बोलायची सोय नाही. तुझा फोन आला की तुझे अण्णा स्पीकर लावून मधोमध बसतात. तुझ्या बहिणीची ती मैत्रीण आरोही, तिची आई परवा टोरांटोला निघालीय, तिच्या पर्समध्ये हे पाकीट देईन. वाचताना एकटा बैस, आणि पहिल्या ओळीतच फोन करायला उठू नकोस, शेवटपर्यंत वाच. मला जो धक्का बसलाय तो महिना झाला तरी उतरलेला नाही. भाकरी थापता थापता हात थांबतो.

पाच वर्षं तू आला नाहीस आणि आम्हालाही येऊ दिलं नाहीस. आई, दोनदा विमान बदलावं लागतं, मध्ये नऊ-नऊ तास बाकड्यावर बसावं लागतं, तुला नाही झेपायचं, हे तुझं पालुपद. मलाही ते खरंच वाटायचं. मग एका कंपनीनं मुंबईहून थेट टोरांटोचं विमान सुरू केलं आणि दोन महिन्यांत दुसरीनंही. अरे, काय चढाओढ लागली म्हणून सांगू! तुझ्या बहिणीकडे, संस्कृतीकडे थेरगावला गेले होते तेव्हा डांगे चौकात समोरासमोर दोन मोठाले फलक. एकीनं लिहिलं पंधरा तासांत पोचवतो, तर दुसरी म्हणते आम्ही जेवण गरम देतो आणि एक बॅग जास्त नेऊ देतो. तिकिटाचा भाव दर आठवड्याला खाली. चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव असा कोसळला असता तर लोक रस्त्यावर बसले असते. मी तुला हौसेनं फोनवर सांगितलं, तर तू इकडच्या पावसापाण्याचं विचारलंस. मग म्हणालास, आई, सध्या कंपनीत ऑडिट आहे. तुझं ते मेलं ऑडिट दोन वर्षं संपतच नव्हतं.

म्हणून मी, अण्णा नि संस्कृती, तिघांनी ठरवलं, तुला कळवायचंच नाही. तुझ्या पदवीदानाला यायचं म्हणून काढलेले माझे नि अण्णांचे व्हिसा अजून चालू होते. अण्णा म्हणाले, तू पुढं जा, मी मागाहून बघतो. ते का नाही आले, ते पुढं लिहिते.

हो ओंकार, मी आले होते. गेल्या महिन्यात, तेवीस तारखेला, त्या थेट विमानानं.

तिकीट डांगे चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्या साहेबरावानं काढून दिलं. मला विचारतो कसला, मावशी, तिकिटावर व्हीलचेअर टाकतो म्हणाला. मी भडकलेच. दर एकादशीला भंडारा डोंगर चढणारी बाई मी, मला खुर्ची? तो हसला आणि म्हणाला, आपल्याकडचे सगळेच टाकतात, इंग्रजीची भानगड नाही, रांग नाही, माणूस बोट धरून बाहेर नेऊन सोडतो. संस्कृतीनंही आग्रह केला, तेव्हा टाक म्हटलं. विमानात बघते तर निम्मी म्हातारी माणसं खुर्चीवाली! पंधरा तास इकडून तिकडे फिरत होती, वरच्या कप्प्यातून पिशव्या काढत होती, आणि विमान थांबल्याबरोबर सगळ्यांचे गुडघे दुखायला लागले. माझ्या शेजारी आळंदीच्या चिमाबाई होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. माझं ते शेवटचं हसणं.

विमानाच्या दाराबाहेर पंचवीस-तीस खुर्च्यांची रांग लागली होती आणि पिवळी जाकिटं घातलेली पोरं नावं पुकारत होती. मला आधी आवाज आला. आजी, पाय नीट पट्टीवर ठेवा, पदर चाकात जाईल. टोरांटोत इतकं चोख आपल्याकडचं मराठी ऐकून मला कौतुक वाटलं, म्हणून मान वर केली. आणि तू होतास. चिमाबाईंच्या पायाशी वाकून त्यांच्या चपला सरळ करत होतास. माझ्यापासून चार हातांवर.

मला वाटलं माझी नजर फिरली. तू तर मोठ्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर. ते मी गावात कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. हळदीकुंकवाला सांगितलं, बँकेत सांगितलं, परवा परवापर्यंत दूधवाल्याला सांगत होते. आणि मग मी जे केलं ते मला माफ करण्याजोगं वाटत नाही. तोंडावर मास्क होता, त्यावर पदर ओढला आणि खाली बघत राहिले. आई असून पोराला बघून तोंड लपवलं. खरं सांगते, मला तुझी लाज वाटली. तू चिमाबाईंना घेऊन पुढं निघून गेलास. माझी खुर्ची दुसऱ्याच एका मुलीनं ढकलली, आणि बरं झालं, कारण त्या वेळी मला खरोखर उभं राहता आलं नसतं.

सामान घेऊन बाहेर आल्यावर चिमाबाई पुन्हा भेटल्या. तू तोवर निघून गेला होतास, पण बाईंचं तोंड थांबेना. लई गुणाचं पोर, माझी पिशवी सोत्ता उचलली, पानी आनून दिलं. त्येची आय चाकणकडची हाय म्हनला. मी म्हनलं, आता थेट इमान झालंय की रं, आन की आयला. तर म्हनला, आजी, बोलवायला तोंड न्हाई. एवढं सांगून त्या लेकीच्या गळ्यात पडल्या, आणि मी तिथंच बॅग धरून उभी. तू म्हणायचास मला प्रवास झेपायचा नाही. तुला काय झेपत नव्हतं ते मला एका परक्या बाईकडून कळलं.

संस्कृतीची मैत्रीण म्हणून आरोही घ्यायला आली होती. गाडीत बसल्याबरोबर मी रडायला लागले, आणि तिनं काय झालं असं विचारलंसुद्धा नाही. तिला माहीत होतं! दोन वर्षांपूर्वी कारखान्यातली तुमची अख्खी लाईन बंद झाली, तुझ्याबरोबर दीडशे जण घरी गेले, तिथून तू विमानतळावर, आणि तिला तू शपथ घातलेली. आठ दिवस मी तिच्याकडे राहिले. एकदा तुझ्या गल्लीतही आले. खालचं दार दिसलं, बेलवर तुझं नाव दिसलं, आणि परत फिरले. का फिरले ते अजून मला सांगता येत नाही. घरी मात्र मी ठोकून दिलं की ओंकार कंपनीच्या कामानं दुसऱ्या शहरात गेलाय, आमची चुकामूक झाली, आता त्याला काही बोलू नका, पोराला वाईट वाटेल. बघ, खोटं बोलायला आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

अरे वेड्या, इथं चाकणला सात महिने झाले की कंत्राटावरच्या पोरांना कामातून ब्रेक देतात. आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत, मध्ये दोन महिने घरी. त्यांच्या आया काय विहिरीत उड्या टाकतात का? तुझे अण्णा बत्तीस वर्षं कंपनीत होते, त्यातली पहिली चार झाडू मारण्यात गेली. तुझ्या कामाची लाज मला तेवढीच घडीभर वाटली. माझी मला रोज वाटते. तू सांगितलं असतंस तर मी आधी चार शिव्या घातल्या असत्या, मग जेवलास का विचारलं असतं. पण तू सांगावंस असं आमचं वागणंच नव्हतं, हेही तितकंच खरं. मॅनेजर, मॅनेजर करून आम्हीच तुला कोंडून घातलं.

आता हे पत्र का लिहितेय ते. तुझ्यापासून आम्हीही एक गोष्ट लपवली. दिवाळीनंतर अण्णांच्या छातीत दुखलं आणि दोन स्टेंट टाकावे लागले. तू दोन विमानं बदलत धावत येशील म्हणून कळवलं नाही. माझ्याबरोबर ते आले नाहीत ते त्यामुळे. आता मी पोराला न भेटता परतले म्हटल्यावर त्यांना चैन पडेना. डॉक्टर म्हणाले, मध्ये बदलाबदली नसेल तर जा. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं तिकीट आणखी उतरवलं, आणि मला न विचारता संस्कृतीनं साहेबरावाकडून त्यांचं तिकीट काढूनही घेतलं. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला ते निघतायत, एकटे, तुला न कळवता. तुझं ऑफिस बघायचंय म्हणतात. मी अडवायला गेले तर अडवायचं कारण सांगता येईना. ओंकार, विमानाच्या दारात त्यांना तू असा अचानक दिसू नकोस. माझ्यासारखं पदर ओढून निभावणं त्यांच्या छातीला जमणार नाही. नऊ तारखेच्या आधी त्यांना तुझ्या तोंडानं सगळं सांग. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण येतील. मी त्यांना ओळखते. साहेबरावानं त्यांच्याही तिकिटावर व्हीलचेअर टाकलीय, आणि त्यांना ती खरंच लागते. त्या दिवशी तुझी पाळी नसली तरी मागून घे, आणि त्यांच्या खुर्चीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस.

चुकलेली, तरी तुझीच,
आई