घरावरचं लोडिंग

प्रिय योगिनी,

परवा फोनवर तू जे म्हणालीस, त्यावर मी गप्प बसलो. तुझा आप्पा आणि गप्प, हे काही जमणारं नव्हे, म्हणून हे पत्र. पण आधी तुझ्या आईचा पराक्रम ऐक.

आपल्या नाशिक रोडच्या घराच्या विम्याचा यंदाचा कागद आला. हप्ता फुगलेला आणि खाली एक नवीन ओळ: लोडिंग. माझं डोकंच फिरलं. सारी हयात मी लासलगावला मुकादमी केली, कांद्याच्या गोण्या ट्रकांत आणि रेल्वेच्या वाघिणींत भरून घेतल्या. लोडिंग म्हणजे काय ते मला कोण शिकवणार? झुंबरमामाचा कांदा उन्हाळ्यात आपल्या पोर्चमध्ये ठेवला होता, तेवढ्यावरून कुणीतरी चुगली केली आणि कंपनीने घराला गोदाम ठरवलं, असा मी तर्क लावला. विमाच बंद करतो म्हणालो. आई म्हणाली, आपली कमाई म्हणजे हे एक घर, रागाच्या भरात ते उघड्यावर टाकू नका. आणि तिनेच चपला घातल्या.

विमा कंपनीच्या ऑफिसात मी साहेबापुढे तावातावाने बोललो. ना ट्रक लागला, ना हमालाने गोणी उचलली, मग लोडिंग कसलं? आजवर 'सही कुठं करू' एवढंच विचारणारी तुझी आई खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, भाऊ, तुमच्यात लोडिंग कशाला म्हणता? तो म्हणाला, घराला धोका जास्त दिसला की हप्त्यावर जादा भार चढतो, त्याला. आमच्या घराला कसला धोका, हा तिचा पुढचा प्रश्न. त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं. तिथल्या नोंदीत गच्चीवरच्या खोलीवर अजून पत्रे आणि ताडपत्रीच होती, आणि कच्च्या छताला यंदापासून जादा आकार लागतो.

आई म्हणाली, ताडपत्री कधीच गेली, पोरीने तिच्या पगारातून स्लॅब टाकलाय, येऊन बघा. कंपनीचा माणूस बघायला आला तेव्हा तिने त्याला स्लॅबवर नेऊन टाच आपटून दाखवली. खोली कुणाची, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, योगिनीची. नव्या कागदावर ती ओळ नाही. मुकादम हरला हे मी आपणहून गल्लीभर सांगत फिरतोय. इतका अभिमान मला जिंकूनही कधी वाटला नव्हता.

आता तुझं. नवऱ्याचं घर सोडल्यावर तू एकटीच्या हिमतीवर सातपूरच्या कंपनीत नोकरी मिळवलीस, याने माझी छाती आधीच फुगलेली आहे. आणि तू म्हणतेस, आईबापावर भार कशाला, सातपूरलाच भाड्याने खोली घेते. अगं, भार कशाला म्हणतात ते मला विचार, जन्म त्यात गेला. तुझ्या स्लॅबमुळे आपलं घर पक्कं ठरलं. या घरावर आता कसलंच लोडिंग नाही, तसं लेखी मिळालंय. सामान घेऊन नाशिक रोडला उतर. उतरवून घ्यायला मुकादम हजर असेल.

तुझाच,
आप्पा