मुठेच्या माशांचे कान

६ जानेवारी
सिद्धान्त सिद्ध! मुठेतल्या चिलापी माशाच्या कानातले दोन खडे (सभ्य भाषेत कर्णाश्म) आकाराने विषम; धरणातल्या चिलापीचे मात्र जुळ्या भावांसारखे. सौ.ला सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे दाखवून निवेदन केले : पाणी दूषित असले की वाढत्या देहाचा तोल ढळतो, डाव्या-उजव्याचा मेळ राहत नाही.
"म्हणजे नदी घाण आहे हे आता मासे सांगणार. पुलावरून जाताना नाक काय रजेवर असतं?"
विज्ञानाचा असा उपमर्द गृहस्थाश्रमातच संभवतो.

७ जाने.
विभागात व्याख्यान. वाणी ओघवती, श्रोते जागे. अखेरीस संख्याशास्त्राच्या बर्वेबाई शांतपणे, "सर, मोजताना कुठला मासा नदीचा, हे आपल्याला माहीत होतं?"
होते.
"मग वाकडं नक्की काय? माशाचा कान, की आपला डोळा?"
सभा हसली. प्रस्तुत लेखकही हसला. बाईंचे म्हणणे खरे निघाले तर सिद्धान्त गेला. सर्व मोजमापे पुनश्च, संपूर्ण अज्ञानावस्थेत करणे प्राप्त.

१० जाने.
अज्ञानाची व्यवस्था सौ.कडे. तिने छायाचित्रांची मूळ नावे पुसून मंडईतल्या भाज्यांची ठेवली. कुठली भाजी कुठल्या पाण्यातली, हे तिलाच ठाऊक. दोडका : डावा-उजवा समसमान. गवार : तेच. घेवडा : तेच! एवढे सुडौल मासे सगळे धरणातलेच? की मुठेतलेही? तसे असेल तर बर्वेबाईंस साष्टांग...

११ जाने.
पडवळ!!! साध्या डोळ्यांना दिसावी इतकी विषमता. पुन्हा मोजले. तीच. स्वयंपाकघरात धावलो. सौ. पोळ्या करत होती.
"अगं, पडवळ नदीचाच ना? नुसती मान हलव."
"नियम तुम्हीच केलात. सगळे मोजून झाल्याशिवाय नाही."
"आत्ता हसलीस!"
"पोळी फुगली म्हणून."
त्या मुखावरून कोणतेही अनुमान निघत नाही. तीस वर्षांचा अनुभव. धरणातही एखादा जन्मतः वेडावाकडा असू शकतो, हे बर्वेबाईंच्या स्वरात कानी येतेच आहे. तथापि चष्मा पुसून सिद्ध. अवघी मंडई शिल्लक आहे. कारले उघडले. डावा मोजला. आता उजवा —