वच्छीच्या रेघेपर्यंत

१२ नोव्हेंबर २०१२
गहिनीनाथ आणि सून ऊसतोडीला गेले. नात माझ्याकडे. मनी पाच वर्षांची आहे. अंगणवाडीची सरस्वतीबाई म्हणते, तीनची वाटते. ती स्वतः माझ्या खांद्याला लागते, तिनं उंचीवर बोलू नये.
मनीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. तिथं विळ्यानं कोरलेली माझ्या लेकीची, वच्छीची रेघ आहे. वच्छीही तेव्हा पाचचीच. मनी चार बोटं खाली. संक्रांतीपर्यंत गाठेल. उद्यापासून सकाळचं पेलाभर दूध मनीचं. ठरलं.

१३ नोव्हेंबर, पहाटे
पेला धुऊन ठेवला होता. गायीनं नेमकं आजच कमी दिलं. दूध संस्थेत माप कमी भरलं की पेंडीची गोणी मिळत नाही. पेंड नाही तर दूध नाही, मग मनीला काय देणार? म्हणून मनीच्याच भल्यासाठी सगळं डेअरीत घातलं. तिला कोरा चहा, बिस्कीट. उद्या नक्की.

२८ नोव्हेंबर
अंगणवाडीतून मनीसाठी पिठाची पाकिटं आली. मी पेंडीच्या गोण्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले, त्यामुळे पाकीट नीट वाचलं. प्रोटीन. गोणीवरही प्रोटीनच. मनी म्हणते, घशात चिकटतं. गायीपुढे ओतलं. गायीतून दूध, दुधातून मनी. सरस्वतीबाईला हे सुचलं नसतं.

६ डिसेंबर
सरस्वतीबाई आली. पाकिटं कोण खातं, विचारत होती. घरचंच माणूस, मी म्हणाले. गाय तेव्हाच हंबरली. दुष्काळात जनावरांनाही रीत राहिली नाही.

१९ डिसेंबर
धार काढताना वाटलं, चौकटीला पाठ लावून कुणी उभं आहे. मनी तर आत झोपलेली.
बहात्तरच्या दुष्काळात वच्छी रोज अशी उभी राहायची. बघ माय, वाढले का. उद्या वाढशील, मी म्हणायचे. साध्या तापात गेली. डॉक्टर म्हणाला, अंगात काही नव्हतंच.
हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

१४ जानेवारी २०१३, संक्रांत
मनी अजून खालीच. चौकटीजवळची जमीन खचली असणार. टँकरचं पाणी पुरत नाही, तरी तेवढी जागा जाड सारवून घेतली. वाळल्यावर मनीला उभं केलं. बोटभर वर आली. लक्षण चांगलं आहे.

२६ जानेवारी
संस्थेचा मेळावा. दुष्काळात एकही खाडा न करता दूध घातलं म्हणून माझा सत्कार. चेअरमन आप्पाराव माइकवर म्हणाले, मावशी हाय म्हणून डेअरी हाय. नाव कोरलेला स्टीलचा मोठा ग्लास मिळाला. खरं तर घरात दुधाजोगा ग्लासच नव्हता. तेवढ्यावरच अडलं होतं. उद्यापासून कुठली सबब नाही.

२७ जानेवारी, सकाळ
भरला. फेसासकट, काठोकाठ. डेअरीचा पहिला खाडा. ग्लास मनीच्या हातात दिला आणि बघत बसले.
तिनं तो दोन्ही हातांनी धरला, थेंब सांडू दिला नाही. पायात चपला सरकवून हळूहळू दाराकडे निघाली. मी म्हणाले, अगं, पी की.
ती चौकटीत थांबली. माझ्याकडे नवलानं पाहिलं.
"आजी, हे डेअरीचं हाय. मला माझा चहा दे."
तशीच उभी राहिली, चौकटीला पाठ टेकून. वच्छीची रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. सारवण धरूनसुद्धा.