मामाच्या टीममधला भाचा

अंबरनाथ, १४ जुलै १९८८

ती. सौ. ताईस,
हेमचंद्रचा शि. सा. न. वि. वि.

बसली आहेस ना? गुरूच्या कॉलेजने मला, कारखान्यात फिटरगिरी करणाऱ्या तुझ्या भावाला, फुटबॉल टीमचा कोच केलंय! जुने सर निवृत्त झाले. मी कारखान्याच्या टीमकडून बारा वर्षं खेळलोय हे प्राचार्यांच्या कानावर कुणीतरी घातलं. आता पहिली शिफ्ट संपली की चार वाजता उल्हासनगरला मैदानावर हजर. मैदान कसलं, नुसता चिखल गं! पोरं निम्मी सिंधी, निम्मी आपल्या अंबरनाथ-बदलापूरकडची. भांडतात हिंदीत, पण पडली की आईला हाक आपापल्या भाषेत मारतात. मागच्या वर्षी पहिल्याच मॅचला पाच गोल खाल्ले होते. यंदा निदान इज्जत राखायची आहे.

तुझा लेक गुरू आमच्याकडे मजेत. मालिनीच्या हातचं खाऊन माझ्याहून वीतभर उंच झालाय. गेल्या वर्षी पाय मुरगळला म्हणून टीममध्ये खेळायचं हुकलं, यंदा शेवटचं वर्ष, त्यामुळे साहेब जिद्दीला पेटलेत. अठरा जणांच्या यादीत नाव आहे. पुढचं बघू.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हेम

संगमनेर, २९ ऑगस्ट १९८८

चि. हेमचंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरूचं पत्र आलं आणि मी आधी देवापुढे साखर ठेवली. तिन्ही मॅच खेळला म्हणे! एक हरलात, एक जिंकलात, एक बरोबरीत. ह्यांनी तर ऑफिसात सांगून सांगून लोकांना पळता भुई थोडी केली. शेजारच्या कौसाबाईंना फुटबॉल कशाशी खातात हे ठाऊक नाही, पण आपला गुरू लेफ्ट बॅक आहे हे त्याही आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

खरं सांगू? मला धाकधूक होती. गेल्या वर्षी पाय दुखावला तेव्हा हा घोडा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. कॉलेजचा शर्ट घालून एकदा तरी खेळायचंय, एवढंच म्हणत होता. ते तुझ्या हातून झालं रे. मामा मैदानावर मला फार सांभाळून घेतो, असं लिहिलंय त्याने. वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मालिनीला सांग, त्याला दूध जास्त घाल. दोघांनाही माझे आशीर्वाद पोचतातच, तरी पुन्हा लिहिते.

तुझी ताई,
कुमुदिनी

अंबरनाथ, ५ सप्टेंबर १९८८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये फोडलं आणि ताट तसंच ठेवून उठलो. ताई, गुरू एक मिनिटसुद्धा खेळलेला नाही. तिन्ही मॅचला तो कॉलेजचा शर्ट घालून बाहेर बाकावर बसला होता. बसवला मी. घरी आल्यावर चेहऱ्यावर काही नाही, मामीशी थट्टामस्करी चालू. मला वाटलं, पोराने मनाला लावून घेतलं नाही. तो तुला असलं काही लिहीत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला सांभाळतोय गं तो!

आणि ऐक. लेफ्ट बॅकला मी जनूला खेळवतो. बदलापूरजवळच्या गावातला, गुणी पोरगा, पण अर्ध्या तासात दमतो. गुरू त्याच्यापेक्षा चांगला आहे. हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय. झालं असं, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या ज्या सिंधी शेटने टीमला शर्ट दिले, त्याने वाटतानाच हसत विचारलं की साईं, भाच्याचा शर्ट आधी बाजूला काढायचा ना. सगळी पोरं फिदीफिदी हसली. ते मला असं झोंबलं की मी मनाशी ठरवलं, वशिल्याचं नाव निघू द्यायचं नाही. माझं नाव स्वच्छ राहिलं आणि पोराचं वर्ष गेलं. मला माझीच लाज वाटते.

चोवीस तारखेला मॅच आहे. हरलो की सीझन संपला. काय करू, तूच सांग. रागाव, पण लिही.

अपराधी,
हेम

संगमनेर, १० सप्टेंबर १९८८

चि. हेमचंद्र यास,
आशीर्वाद.

आधी रडले, मग तुम्हा दोघांचाही संताप आला. एक खोटं लिहितो, दुसरा खोटं वागतो! ह्यांना अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

आता नीट ऐक. माझ्यासाठी म्हणून त्याला खेळवलंस तर याद राख. तोही वशिलाच, फक्त बहिणीचा. तो माझा कोण, तुझा कोण, हे त्या दिवशी पार विसरून जा. चांगला असेल तर खेळव आणि चुकला तर इतरांसारखं बोल. मला सगळं कळलंय हे मात्र त्याला सांगू नकोस. सांगायचं तर तो सांगेल.

राग आहे, पण लोभ कुठे जातोय? जेवत जा वेळेवर.

ताई

अंबरनाथ, २५ सप्टेंबर १९८८

ती. सौ. आईस,
गुरूचा शि. सा. न. वि. वि.

आई, हे पत्र बाबांच्या आधी तू वाच. मी तिन्ही मॅच खेळलो असं लिहिलं होतं, ते सगळं खोटं. मी बाकावर होतो. खरं लिहिलं असतं तर तू मामाशी भांडली असतीस, आणि तुमचं बोलणं माझ्यापायी बंद झालेलं मला चाललं नसतं. चुकलो. परत नाही असं करणार.

काल मात्र खेळलो. मामाने अकरा नावं वाचली, त्यात माझं होतं. मागून कुणीतरी ‘भांजा, भांजा’ ओरडलं. मामाने मान वर न करता पुढचं नाव वाचलं. जनू बाकावर बसला आणि म्हणाला की धाव बाबा आता तू, माझे पाय पार गेलेत.

आम्ही दोन-एकने हरलो. सीझन खतम. दुसरा गोल माझ्या चुकीने झाला. मी बॉलकडे बघत राहिलो आणि त्यांचा पोरगा माझ्या पाठीमागून सुटला. तेव्हा मामा जो ओरडला! सगळ्या मैदानासमोर मला गाढव म्हणाला, डोळे घरी ठेवून आलास का म्हणून विचारलं, पाठीमागे कोण बघणार म्हणाला. टीमवाले हसले.

आई, दोन महिने मामा त्या मैदानावर प्रत्येकाला असाच ओरडायचा. नानिकला, जनूला, सगळ्यांना. फक्त माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही, माझ्याकडे बघायचाही नाही. बाकापेक्षा मला तेच जास्त लागायचं. काल शिव्या खाताना मला रडूच फुटलं. हरलो म्हणून रडतोय असं समजून सगळ्यांनी पाठ थोपटली. मामाला तेवढं खरं कारण कळलं असावं, कारण तो आणखी मोठ्याने ओरडला.

बाबांना खरं काय ते सांग. तुम्हा दोघांच्या पाया पडतो, रागावलात तरी लेक म्हणून जवळ ठेवा.

तुझा,
गुरू